नऊ नंबरच्या वॉर्डातले चमचे

माझंच वाक्य मला दुसऱ्याच्या पत्रात भेटलं, तेही माझ्याच घरात, आणि मी त्याला ओळख दाखवली नाही.

पत्र गेनर घेऊन आली होती. गेनर म्हणजे माझ्या विनची मुलगी. विनिफ्रेड तिचं पूर्ण नाव, पण सगळं हॅलम्बी गाव तिला विनच म्हणायचं. मी आणि विनने चर्चच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून चारशे पोरांचे बटाटे सोलले. तिला जाऊन सात आठवडे झाले होते.

"ये की, दारात काय उभी?" मी म्हटलं. "पाय पुस तेवढे."

गेनर आत आली, पण कोट काढला नाही. खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पर्समधून दोन पानी पत्र काढून माझ्यापुढे धरलं. वर रुग्णालयाचं निळं चिन्ह होतं.

"वाच, ईनिडमावशी. माझ्या तक्रारीचं उत्तर आलंय."

मी चष्मा शोधायला लागले. तो कपाळावरच होता.

सुरुवात नेहमीचीच होती, आपल्या आईच्या निधनाबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटते वगैरे. मग लिहिलं होतं की वॉर्ड क्रमांक नऊमधल्या बेल चालत नसल्याची एकाही रुग्णाची तक्रार आमच्याकडे नाही. उलट आपल्या आई पडल्या त्याच्या दोनच दिवस आधी गव्हर्नरांनी या वॉर्डाला स्वतंत्रपणे भेट दिली होती आणि त्यांचा अहवाल असा आहे: 'प्रत्येक रुग्णाच्या हाताशी बेल होती. वॉर्ड अत्यंत शांत. चाळीस मिनिटांत एकही बेल वाजली नाही. अभिमान वाटला.'

ते 'अभिमान वाटला' मी पुन्हा एकदा वाचलं. ते शब्द माझे होते. कागदाच्या तळाशी 'आणखी काही?' असं विचारलेलं असतं, तिथे मी ते स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहिले होते.

"तू होतीस ना त्या दिवशी तिथे?" गेनर म्हणाली. "तू आणि तो हेडमास्तर. मग हे असलं कोणी लिहिलं? त्यानेच ना?"

हेडमास्तर म्हणजे डेस्मंड ऑकली, आम्हा गव्हर्नरांचा म्होरक्या. मी खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. नुसतं पत्र उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली, जणू तिथे काही लिहिलेलं असणार होतं.

"आणि हा," गेनरने पर्समधून एक साधा, रुग्णालयाचा शिक्का असलेला चहाचा चमचा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या डोक्याला एका बाजूने पोचा आला होता. "आईच्या सामानाच्या पिशवीत आला. हा कशाचा ते तुला सांगायला नको."

मला काही कळलं नाही. पण मी मान हलवली. गव्हर्नर झाल्यापासूनच्या तीन वर्षांत मान हलवायची सवय झाली होती मला.

"मी बघते," मी म्हणाले.

गेनर गेली. मी त्या चमच्याकडे बघत बसले आणि चहा करायचंही विसरले.

गव्हर्नर म्हटलं की लोकांना पिसांची टोपी आठवते. मी निवडून आले तेव्हा कोपऱ्यावरचा खाटीक म्हणाला होता, "काय गव्हर्नरबाई, घोडा कुठे बांधलात?" आमचं गव्हर्नरपण म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पगार नाही, गाडी नाही. बसचं भाडं मिळतं आणि तीन महिन्यांतून एकदा बैठकीत अंड्याची सँडविचं. रुग्णालय चालवतात संचालक. त्यांतले निम्मे आतले पगारी अधिकारी, निम्मे बाहेरून आणलेले. बाहेरच्यांनी आतल्यांना खोदून खोदून विचारायचं, हे ठीक चाललंय का, ते का बिघडलं. आणि या बाहेरच्यांना नेमायचं आम्ही, जाब विचारायचा आम्ही, नाही पटले तर नारळ द्यायचा आम्ही. थोडक्यात, विचारणाऱ्यांनी विचारलं का, हे विचारणं आमचं काम. त्यासाठी गावाने मतं देऊन आम्हाला बसवलेलं.

मला दोनशे बारा मतं पडली होती. त्यातली चाळीसेक तरी विनने बिंगोच्या हॉलमध्ये टेबलाटेबलावर जाऊन गोळा केली. "ईनिडला द्या," म्हणायची, "ती कोणाच्या बापाला भीत नाही." मी नव्हतेच भीत. पण तिथे भीती घालत नाहीत, तिथे आदराने वागवतात. अध्यक्षबाई स्वतः कोट अडकवायला घेतात. दोन बैठकांत माझी जीभ म्यान झाली, आणि मला वाटलं मी पोक्त झाले.

पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की गव्हर्नरांनी रोजच्या कारभारात लुडबुड करायची नाही आणि एकेकट्या रुग्णाची तक्रार अंगावर घ्यायची नाही. हा नियम मला फार आवडला. बाजारात कोणी अडवून म्हणालं, "ईनिड, माझा म्हातारा सहा तास व्हरांड्यात पडून होता," की मी तक्रारखिडकीचा नंबर देऊन मोकळी व्हायचे.

ती भेट चौदा एप्रिलला होती. भेटीची तारीख वॉर्डाला दहा दिवस आधी कळवलेली असते, त्यामुळे फरशीत तोंड दिसत होतं. डेस्मंडच्या हातात लाकडी पाटी, पाटीवर अकरा प्रश्नांचा कागद. तो वाचायचा, मी खूण करायची, शेवटी लिहायचंही मी, कारण माझं अक्षर चांगलं.

प्रत्येक खाटेशेजारच्या टेबलावर एकेक चमचा होता. कप नाही, बशी नाही, नुसता चमचा. स्वयंपाकघरात हयात घालवलेली बाई मी, चमचे माझ्या नजरेतून सुटतात होय? मी पाहिले आणि मनात म्हटलं, वा, चहाची तयारी झालेली दिसते. चौथा प्रश्न: चहापाणी वेळेवर? बरोबरची खूण.

विन कोपऱ्यातल्या खाटेवर होती. छातीत कफ झाला म्हणून ठेवलेली. शनिवारी घरी जायची होती.

"काय विन, कशी आहेस?"

"कुरकुर कशाला करायची?" विन म्हणाली. आमच्याकडे माणूस मरायला टेकला तरी हेच म्हणतो. मग तिने उशाजवळची बेल वायरीला धरून वर उचलली, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी, आणि टाकून दिली. चमचा घेतला. खाटेच्या कठड्यावर वाजवला, ठण ठण, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

सिस्टर शेजारीच उभी होती. चांगली मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. विन कोणाला तोंडावर अडचणीत आणणाऱ्यातली नव्हती. बावीस वर्षांत हेडमास्तरीणबाईंचं ती असंच मला भुवयांनी सांगायची आणि मला बरोबर कळायचं.

त्या दिवशी मला कळलं नाही. मी हसले.

"चहा येतोय गं, दम धर जरा! बावीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलंस, आता तू थांब."

डेस्मंडही हसला. विनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग तीही हसली.

"तू गव्हर्नर ना? मग बघ की."

"बघते, बघते," मी म्हणाले आणि सातव्या प्रश्नापुढे खूण केली: बेल रुग्णाच्या हाताशी आहे का? होती. पांढरीशुभ्र, उशीला टेकून.

सोळा तारखेला दुपारी जेवणानंतर विन एकटीच उठली, संडासाच्या वाटेवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेली. मी तिच्या दफनाला काळी हॅट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि भजन मोठ्याने म्हटलं होतं.

गेनर पत्र दाखवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमचा रुमालात गुंडाळून रुग्णालयाच्या मागच्या दाराशी गेले. तिथे मळक्या चादरींच्या जाळीच्या गाड्यांना टेकून नेव्हिल सँडविच खात होता. नेव्हिल पोर्टर आहे, तीस वर्षं आजाऱ्यांच्या खाटा इकडून तिकडे ढकलतोय. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला तोही गव्हर्नर, बैठकीत माझ्यासमोर बसतो.

"या गव्हर्नरबाई! आज पुढच्या दारात ओवाळलं नाही वाटतं?"

मी रुमाल उघडला. "हा काय आहे, नेव्हिल?"

"चमचा."

"कशासाठीचा?"

त्याने खाणं थांबवलं. "ईनिडबाई, थट्टा करताय का माझी?"

"नाही रे बाबा. खरंच विचारते."

"नऊ नंबरचा आहे हा," तो म्हणाला. "बेलच्या ऐवजी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेलचा बोर्ड जळला, एकजात सगळ्या बंद. हातात हलवायच्या घंट्या आणल्या, त्या सात नंबरलाच संपल्या. सिस्टर बिचारी तीनदा लेखी देऊन थकली. शेवटी स्वयंपाकघरातून चमचे आणले तिने. म्हणाली, कठड्यावर वाजवा, मी येते. सकाळी यायचं ऐकू. पण दुपारी जेवणाच्या गाड्या परत निघाल्या की त्या खडखडाटात चमचा ऐकू येतोय डोंबल!"

मी त्या जाळीच्या गाडीचा आधार घेतला.

"विन वाजवत होती?"

"शेजारची बाई म्हणत होती, पाव तास तरी. मग उठली स्वतःच." त्याने माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "पोचा आलाय बघा."

"पण बेल सगळ्यांच्या हाताशी होत्या! मी स्वतः पाहिल्या!"

"होत्याच की. तुमच्या कागदावर तेच विचारलंय ना, हाताशी आहे का? आहे. वाजते का, असं कुठे विचारलंय? तुम्ही एकीची तरी बेल दाबून पाहिलीत का?"

नव्हती पाहिली. एक नाही, अर्धी नाही. बोटाला काय झालं होतं माझ्या?

आणि मग मला राग आला. स्वतःचा आला की माणूस तो दुसऱ्यावरच काढतो. "मग तू का नाही सांगितलंस मला? समोर बसतोस ना बैठकीत? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सांगितलं की!" नेव्हिल ओरडला. चादरी मोजणारी बाई वळून बघायला लागली. "मार्चच्या बैठकीत. नऊ नंबरच्या वायरिंगचं काहीतरी करा म्हणालो. डेस्मंडसाहेब म्हणाले, इमारतीची दुरुस्ती हा रोजचा कारभार झाला, गव्हर्नरांचा विषय नव्हे. आणि तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, 'अगदी बरोबर!' आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. घरी येऊन कपाटातून मार्चचं इतिवृत्त काढलं. पान सहा. 'वॉर्ड नऊच्या वायरिंगचा मुद्दा उपस्थित. कारभाराचा विषय असल्याने नोंद घेतली.' तेव्हा आठवलं. दीड वाजला होता, सँडविचांच्या कडा वाळायला लागल्या होत्या, मला भूक लागली होती. एवढंच कारण. माणूस मेलं त्यामागे दुसरं काही मोठं कारण सापडतं का म्हणून मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, पण तिथे तेवढंच होतं.

नवा बोर्ड मेमध्ये बसला म्हणे. विनला पुरून चार दिवस झाल्यावर. वरातीमागून घोडं.

पुढचे पाच दिवस मी स्वतःशी भांडले. पत्रात कोणाचं नाव नव्हतं. गेनरला वाटत होतं हेडमास्तरने लिहिलं. डेस्मंडला विचारायला ती काही जाणार नव्हती. मी तोंड मिटून बसले असते तर हॅलम्बीत कोणाला काही कळलं नसतं, आणि गेनर मला मरेपर्यंत मावशी म्हणत राहिली असती. हे गेलं तर माझ्याकडे राहतं काय? नवरा गेला, विन गेली. मुलगा कॅनडात. मला खूप मोह झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला.

जूनची बैठक गुरुवारी होती. आम्ही एकोणीस गव्हर्नर, अध्यक्षबाई रोझलिंड अ‍ॅकर्ली, आणि बाहेरच्या संचालकांपैकी मॉलिन्सन. मॉलिन्सन विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. रुग्णसेवेचा दर्जा बघणारी समिती त्यांच्याकडे. त्यांना आणखी तीन वर्षांसाठी नेमायचं, हा पाचवा विषय होता.

"नेमणूक समितीची शिफारस आहे," डेस्मंड म्हणाला. "प्रश्न नसावेतच."

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मॉलिन्सनसाहेब, एप्रिलमध्ये नऊ नंबरच्या वॉर्डातल्या बेल चालत होत्या का?"

"ईनिड," डेस्मंड पाटीवर पेन्सिल आपटत म्हणाला, "तुमचं दुःख आम्ही समजू शकतो, पण एकेकट्या रुग्णाचं प्रकरण इथे…"

"मी विनचं नाव घेतलं का? मी यांना एवढंच विचारते की त्या बेल चालत होत्या हे यांना कसं माहीत होतं. हे विचारणं माझं काम आहे की नाही ते सांगा, डेस्मंड. रुग्णालयाच्या घटनेच्या पुस्तकात बघून सांगा हवं तर."

"विचारू द्या त्यांना," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मॉलिन्सननी घसा साफ केला. त्यांच्यापुढे रंगीत खुणांची जाड फाइल होती. त्यांनी ती शांतपणे चाळली. "प्रश्न रास्त आहे, मिसेस होलरॉयड. मार्चमध्ये सिस्टरचं एक पत्र समितीपुढे आलं होतं हे खरं. आम्ही आत विचारणा केली. पण त्यानंतर आमच्याकडे स्वतंत्र पुरावा आला की सगळं ठीक आहे, म्हणून आम्ही तो विषय बंद केला."

"कसला पुरावा?"

त्यांनी पान काढलं, चष्मा नीट केला, आणि माझ्याकडे अगदी आदराने पाहिलं.

"तुमचा अहवाल," ते म्हणाले. "'प्रत्येक रुग्णाच्या हाताशी बेल होती. अभिमान वाटला.'"

मला वाटत होतं की ते गडबडतील, थापा मारतील, आणि मी त्यांना पकडीन. तयारी तीच करून आले होते. आणि हा माणूस खरं बोलत होता. ज्यांना आम्ही विचारायचं, ते आमच्याच कागदावर बोट ठेवून आम्हाला उत्तर देत होते. त्यांनी आमच्यावर भिस्त ठेवली, आम्ही त्यांच्यावर. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि त्या पिठाची आम्ही दर तीन महिन्यांनी सँडविचं खात होतो.

"तुम्ही दाबून पाहिलीत का एखादी?" मी विचारलं.

"नाही," मॉलिन्सन म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही पाहिली असेल."

"मीही नाही पाहिली."

नेव्हिल खाली बघत होता. मी पर्समधून चमचा काढला, टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. चमचे पाहूनही मला चहा कसा आठवला ते सांगितलं. मार्चमध्ये टेबलावर हात आपटला तेही सांगितलं. ते वाक्य डेस्मंडचं नव्हे, माझं, हे तीनदा सांगितलं. मी म्हणाले, "हा अहवाल मी मागे घेते आणि तसं मृताच्या मुलीला लेखी कळवा. आज. आणि सिस्टरने तीन पत्रं दिली होती तेही त्यात लिहा, नाहीतर उद्या खापर त्या पोरीवर फोडाल."

डेस्मंडने पेन्सिल खाली ठेवली. "पाटी माझ्या हातात होती," तो एवढंच म्हणाला. हेडमास्तर होऊन तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं रडवलेला माणूस, त्याचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मॉलिन्सनच्या बाजूने आठ हात वर झाले. अकरा खालीच राहिले, नेमणूक झाली नाही. ते उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि जाताना माझ्याशी हात मिळवला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता. अध्यक्षबाईंनी भेटीच्या कागदावरचा सातवा, बेलचा प्रश्न तिथल्या तिथे बदलायला लावला. सँडविचं त्या दिवशी कोणी खाल्ली नाहीत.

मी तशीच तडक बस धरून गेनरकडे गेले. खोटं कशाला बोलू, बसमध्ये मला जरा हलकं वाटत होतं. मोठ्या माणसांपुढे उभं राहून कबूल केलं होतं. आता फक्त गेनरला सांगायचं राहिलं होतं. ती रडेल, ओरडेल, घराबाहेर काढेल. काढलं तर काढलं, मी पायरीवर बसून राहीन.

गेनरने दार उघडलं, स्वयंपाकघरात नेलं, किटली लावली. मी चमचा तिच्यासमोर ठेवला.

"ते वाक्य हेडमास्तरने नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं, गेनर. तुझ्या आईने मला चमचा वाजवून दाखवला होता. मला कळलं नाही. मी चहाची थट्टा केली."

ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"तुला कळलं नाही?"

"नाही."

"म्हणजे तू कोणालाच सांगितलं नाहीस? मला वाटलं, तू सांगितलं असशील आणि त्यांनी दाबलं असेल. तो कागद त्या हेडमास्तरने बदलला असेल. सात आठवडे मी हेच धरून बसलेय, मावशी."

"कोणीही काही बदललं नाही. जसंच्या तसं माझं आहे ते."

गेनर खुर्चीत बसली. चमचा हातात घेतला आणि अंगठा त्याच्या पोच्यावरून फिरवत राहिली.

"तू वॉर्डात येऊन गेलीस त्या दिवशी चार वाजता आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "चमच्याचं सांगून हसत होती. मी भडकले. म्हटलं, आत्ता फोन लावते मोठ्या साहेबाला, नाहीतर तुला सरळ घरीच घेऊन येते. गाडी काढायलाच निघाले होते मी."

मी किटलीकडे बघत होते.

"आई म्हणाली, काही नको. उगाच त्या सिस्टरला त्रास. ईनिड येऊन गेली, तिला दाखवलंय मी. ती म्हणाली बघते." गेनरने मान वर केली. "म्हणून मी नाही आले, मावशी."

किटली उकळून आपोआप बंद झाली. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही.